वर्षातून एकदा तरी

दीपनगर
२७ जानेवारी २०२५

रत्नाअक्का,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून हे पत्र चुलीत टाकणार असशील, तर आधी वाच आणि मग टाक. फोन करून थकले. माझा प्रत्येक नवा नंबर तू बंद करतेस, आणि बोरपाड्यात टेकडी चढल्याशिवाय रेंज नाही, त्यामुळे शेजारच्या कुणाच्या फोनवर मायला गाठावं तर तेही होत नाही. सख्ख्या बहिणीला पोस्टाने गाठायची वेळ आली.

कामाचं आधी सांगते. यंदा ईस्टरला मला ख्रिस्तप्रसाद घ्यायचाय. तोही इथे भुसावळला नाही, आपल्या बोरपाड्याच्या चर्चमध्ये, मायच्या शेजारी उभं राहून.

बारा वर्षांपूर्वी मी धर्मेंद्रशी जळगावच्या कोर्टात लग्न केलं. तो हिंदू, मी चर्चची परवानगी घेतली नाही, म्हणून चर्चच्या लेखी ते लग्नच नाही, आणि तशा संसारात राहणारीला ख्रिस्तप्रसाद नाही. हे तूच मला तेव्हा सांगितलं होतंस आणि ते खरंच होतं. दर रविवारी मी चर्चच्या उपासनेला, मिस्सेला जाते. ख्रिस्तप्रसादाची, वेदीपाशी जाऊन पवित्र भाकर घ्यायची वेळ आली की अख्खा बाक उठतो आणि मी लोकांना वाट देऊन बसून राहते. पहिली दोन वर्षं रडू यायचं. नंतर रडू थांबलं, लाज तेवढी राहिली.

आता भुसावळला नवे फादर आलेत. ते म्हणाले, बाई, हे सरळ होण्यासारखं आहे, इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही का? नवऱ्याला धर्म बदलावा लागत नाही. बिशपांची परवानगी काढायची, लेकीला, रोशनीला, आपल्या धर्मात वाढवायचा मनापासून प्रयत्न करीन असं मी लिहून द्यायचं, चर्चमध्ये दोन साक्षीदारांसमोर पुन्हा वचनं घ्यायची. मग पापनिवेदन, मग ख्रिस्तप्रसाद. मी तिथेच त्यांच्या टेबलावर डोकं ठेवून रडले.

त्यांना एकच कागद हवाय. माझा बाप्तिस्मा जिथे झाला तिथला ताजा दाखला. बोरपाड्याचं रजिस्टर तुझ्या कपाटात असतं, दाखले तूच लिहितेस, फादर झुलाल फक्त सही करतात, हे मला माहीत आहे. अर्ज सोबत आहे. ईस्टर वीस एप्रिलला. एवढं कर अक्का.

माय कशी आहे? नुसतं बरी आहे असं लिहू नकोस, नीट लिही.

तुझी
सुलक्षणा


बोरपाडा
९ फेब्रुवारी २०२५

सुली,

पत्र चुलीत टाकलं नाही. आमच्याकडे आता गॅस आहे.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग असं ऐकलं होतं, इथे तर बारा वर्षांच्या जुन्या नवरीलाच घाई झालीय. फादर म्हणाले सोपं आहे आणि तुला रडू आलं! सोपं आहेच. पळून जाणंही सोपंच होतं. शिरपूरच्या स्टँडवरून एक बस पकडायची, झालं. अवघड काय असतं ते मागे राहिलेल्याला विचार. त्या वर्षी देवपूरच्या सिस्टर लोकांनी मला कॉन्व्हेंटमध्ये घ्यायचं ठरवलं होतं. ट्रंक भरली होती. तू गेलीस, आबा अंथरुणाला खिळले, आणि ट्रंक मी परत रिकामी केली. तुला हे कधी कुणी सांगितलं नसेल, कारण सांगणारी मीच आणि मी तुझ्याशी बोलत नव्हते.

माय ठणठणीत आहे. बहात्तरावं चालू आहे पण एक मिस्सा चुकवत नाही. आता तुला एक गोष्ट सांगून ठेवते. तू गेलीस त्याच आठवड्यात मायने क्रूसावर हात ठेवून शपथ घेतली की सुली ख्रिस्तप्रसाद घ्यायच्या लायकीची होईपर्यंत तिचं तोंड बघणार नाही. आबांच्या मातीला आलीस तेव्हा तुला दारातून परत लावलं ते माझ्या मनाने नाही. तेव्हा दाखला मिळाला, लग्न सरळ झालं, की ये. त्याआधी पाऊल टाकू नकोस. म्हातारीची शपथ मोडायचं पाप आणखी वर नको.

अर्ज फादर झुलालांपुढे ठेवलाय. त्यांच्याकडे अकरा पाडे, ते कधी असतात कधी नसतात. सही झाली की बघू.

तोवर एक काम कर. आमच्याकडे मी धर्म शिकवते त्या आठ वर्षांच्या पोरांना पहिल्या ख्रिस्तप्रसादाआधी चर्चच्या पाच आज्ञा पाठ म्हणाव्या लागतात. प्रत्येकाची कर्तव्यं आहेत ती. त्या न पाहता लिहून पाठव. नापास झालीस तर माझ्या पोरांच्या मागे बसावं लागेल.

रत्ना


दीपनगर
२० फेब्रुवारी २०२५

अक्का,

ट्रंकेचं मला खरंच माहीत नव्हतं. वाचून दिवसभर शिलाईचं मशीन उघडलं नाही. मी तुझी माफी मागते. तेव्हा मागायला हवी होती, आज मागते.

मायची शपथही वाचली. ती एवढी कठोर असेल असं कधी वाटलं नव्हतं. पण तिचंही बरोबर आहे. मी येणार नाही. दाखला आल्यावरच येईन.

आता परीक्षा.

रविवारी आणि मोठ्या सणाला मिस्सा चुकवायची नाही, ही पहिली. दीपनगरहून भुसावळला जाते, पावसातही जाते. सासूबाई एरंडोलहून आल्या की रविवारीच पद्मालयाच्या गणपतीला जायचं काढतात, तेव्हा मी सकाळची मिस्सा करून मग त्यांच्या गाडीत बसते. धर्मेंद्र चेष्टा करतो, ‘तुना देव तुले घरमा लेस नही, तरी तू दर रईवारी त्याना दारे जास.’ चेष्टा करतो, पण चर्चच्या दारापर्यंत सोडतोही तोच.

दुसरी, वर्षातून एकदा तरी आपल्या पापांचं निवेदन करायचं. मी दरवर्षी जाते. पण जे पाप मी रोज करते, म्हणजे नवऱ्याबरोबर राहते, ते सोडायची तयारी नाही म्हटल्यावर फादर क्षमा देऊ शकत नाहीत. डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. मी तेवढाच घेऊन येते.

तिसरी, ईस्टरच्या काळात तरी ख्रिस्तप्रसाद घ्यायचा. ही बारा वर्षं मोडली.

चौथी, उपास आणि मांसवर्ज्य. राखेच्या बुधवारी आणि येशू क्रूसावर गेला त्या शुक्रवारी उपास, एकच पोटभर जेवण. मांस शुक्रवारी नाही. घरात मटण शिजलं तरी मी शुक्रवारी चटणी-भाकरीच खाते.

पाचवी, चर्चच्या गरजा आपल्या ऐपतीप्रमाणे भागवायच्या. माझ्याकडे शिलाई आहे. भुसावळच्या वेदीवरचं पांढरं कापड मी शिवलंय. ज्या वेदीजवळ मला जाता येत नाही, तिथे माझं कापड आहे, एवढ्यावर मी पुष्कळदा समाधान मानते.

पास झाले का? आणि दाखला?

रोशनीबद्दल धर्मेंद्र हो म्हणाला. सासूबाईंनी त्या दिवसापासून माझ्या हातचं पाणी घेतलेलं नाही. घेतील हळूहळू.

सुलक्षणा


बोरपाडा
६ मार्च २०२५

सुली,

दहापैकी आठ. दोन कुठे गेले ते विचारू नकोस, शिक्षकाला सगळं सांगायची सक्ती नसते.

तुझं पत्र मी मायला वाचून दाखवलं. सगळं नाही, तिला झेपेल तेवढं. वेदीच्या कापडापाशी तिने डोळे पुसले. काल राखेचा बुधवार होता. फादरांनी कपाळाला राख लावली आणि घरी येऊन माय म्हणाली, आजपासून ईस्टरपर्यंत मी रोज उपास धरते, दिवसभर पाणी, संध्याकाळी एक भाकर, सुलीच्या पापासाठी. तिचं लग्न सरळ होऊ दे म्हणून देवाजवळ गाऱ्हाणं. मी काही म्हटलं नाही. आईने लेकीसाठी काय करावं हे मी कोण सांगणार? मला ना लेक ना लेकरू.

तू इथे बसून उपासतापास बघत नाहीस म्हणून कळवते. तुझ्या मटणाच्या वासातल्या चटणी-भाकरीचं कौतुक पुरे झालं, आता म्हातारीचं बघ.

दाखल्याला अजून सही नाही. फादर आज पुन्हा वरच्या पाड्यांवर गेलेत.

मायसाठी चार ओळी लिही. तिच्या बोलीत लिही, म्हणजे जशाच्या तशा वाचून दाखवीन. उपासाला बळ येईल.

रत्ना


दीपनगर
१४ मार्च २०२५

अक्का,

तुझं पत्र वाचलं आणि धर्मेंद्रच्या समोरच ओक्साबोक्शी रडले. त्याला वाटलं, माय गेली. मी म्हटलं, नाही रे, माय परत मिळाली.

तोंड बघणार नाही म्हणणारी माय माझ्यासाठी रोज उपाशी राहते! बारा वर्षं मला वाटायचं की तिने मला मनातून काढून टाकलं. तू हे कळवलंस, अक्का, तुझे उपकार मी फेडू शकत नाही. आपल्यात वाकडं आलं ते जाऊ दे. तू मनाने चांगली आहेस हे मला लहानपणापासून माहीत आहे.

आज इथे धुळवड. बाहेर पोरं रंगली आहेत आणि मी दार लावून हे लिहितेय. मीही कालपासून तिच्यासारखाच उपास धरलाय. या तिच्यासाठी ओळी. जशाच्या तशा वाच हं.

*माय, मी तुन्ही सुली. तुना उपास मोडू नको. कोन्ही काही सांगो, मोडू नको. मी बी करस. ईस्टरना दिन दोन्ही मायलेकी संगे सोडसूत.*

फादर दर रविवारी विचारतात, कागद आला का. बिशपांकडे परवानगीला वेळ लागतो म्हणतात. तू स्वतः फादर झुलालांच्या मागे लाग ना. तुझ्या एका शब्दावर होईल.

सुलक्षणा


दीपनगर
२९ मार्च २०२५

अक्का,

दोन आठवडे झाले, उत्तर नाही. दाखला नाही. मायला ओळी वाचून दाखवल्यास का? काय म्हणाली?

मंगळवारपर्यंत काही आलं नाही तर मी शपथबिपथ बाजूला ठेवून स्वतः येईन. रागावू नकोस. मन लागत नाही.

सुलक्षणा


बोरपाडा
३१ मार्च २०२५

सुली,

माय गेली. शुक्रवारी, अठ्ठावीस तारखेला, शिरपूरच्या दवाखान्यात. शनिवारी सकाळी माती दिली. तुझं एकोणतीसचं पत्र आज मिळालं. तू लिहीत होतीस तेव्हा ती खाली गेलेली होती.

कसं झालं ते लिहिते, कारण तुला नीट लिहिलेलं आवडतं. शुक्रवारी टेकडीवर क्रूसाची वाट होती. चौदा ठिकाणं, दर ठिकाणी गुडघे टेकायचे. नवव्या ठिकाणी ती टेकली ती उठली नाही. तिला तीन वर्षांपासून साखरेचा आजार होता, रोज सकाळी सुई घ्यायची. तुला कळवलं नाही, कळवून तू काय करणार होतीस? उपाशी पोटी सुई म्हणजे काय होतं ते डॉक्टरने मला त्याच रात्री समजावून सांगितलं, जसं काही मला माहीतच नव्हतं.

आठवड्यापासून तिला गरगरत होतं. बायका म्हणाल्या, आजी, गुळाचं पाणी घ्या. मीही एकदा म्हटलं. तिने काय उत्तर दिलं ते ऐक. ‘सुलीनी सांगेल शे, मोडू नको.’ तुझ्या ओळी मी जशाच्या तशा वाचल्या होत्या, तू सांगितलं होतंस तसंच. तिने त्या तीनदा वाचून घेतल्या. कोन्ही काही सांगो, मोडू नको. अक्षर तुझं, सही तुझी. पत्र मी जपून ठेवलंय.

तेव्हा रडशील तेव्हा नीट विचार करून रड.

दाखला सोबत आहे. वरातीमागून घोडं, पण तुझं काम अडायला नको.

रत्ना


दीपनगर
१४ एप्रिल २०२५

रत्नाअक्का,

तुझं पत्र मिळालं त्या दिवशी मी स्वतःला खुनी समजून झोपले. दुसऱ्या दिवशीही तशीच उठले. धर्मेंद्रने जेवायला बसवलं तर घास तोंडाला लावता येईना, कारण उपास मोडू नको असं मीच लिहिलं होतं. हे तुला हवं होतं ना? मिळालं. पुरे दोन दिवस मिळालं.

तिसऱ्या दिवशी दाखला फादरांना द्यायला म्हणून पाकिटातून काढला. खाली फादर झुलालांची सही आणि सहीखाली तारीख, त्यांच्याच हाताने घातलेली. तीन फेब्रुवारी. तू मला पहिलं उत्तर लिहिलंस नऊ फेब्रुवारीला. म्हणजे फादर कधी असतात कधी नसतात हे लिहिताना सही झालेला कागद तुझ्या कपाटात होता. परीक्षा घेतलीस तेव्हा होता. मी धुळवडीच्या दिवशी तुझे उपकार मानले तेव्हाही होता.

मग मी बोरपाड्याला आले. तू त्या दिवशी पोरांना घेऊन वरच्या पाड्यावर होतीस, मुद्दाम तोच दिवस धरला. मायच्या मातीवर बसले आणि नंतर फादर झुलालांकडे गेले. मी कोण ते सांगितल्यावर ते उभेच राहिले. म्हणाले, तुम्ही येणार नाही असं कळवलं होतं ना? त्यांनी दवाखान्यातून तुला विचारलं होतं, धाकटीला फोन केला का, आणि तू सांगितलंस, केला, ती येत नाही म्हणाली.

अक्का, ती सात तास जिवंत होती. दीपनगरहून शिरपूरला यायला मला चार तास लागले असते.

मी फादरांना उपासाचं विचारलं. त्यांनी मला पोरांना शिकवायचं पुस्तक दिलं, तुझंच, मागे तुझं नाव आहे. उपासाची सक्ती अठरा ते एकोणसाठ वर्षांपर्यंत, आजारी माणसाला मुळीच नाही. त्या पानावर तुझ्या हाताने पेन्सिलीची खूण आहे, हे पोरांकडून पाठ करून घ्यावे. तेव्हा मला कळलं, माझे दोन मार्क कुठे गेले होते. मी वय लिहायला विसरले होते. तू चूक पाहिलीस, मार्क कापलेस, आणि काय चुकलं ते सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर त्या चार ओळी मी लिहिल्याच नसत्या.

आणि शपथ. फादर म्हणाले, तुम्ही गेल्यापासून तुमच्या आईने कधीच ख्रिस्तप्रसाद घेतला नाही. मी आल्यापासून तीन वर्षं बघतोय, आणि लोक सांगतात त्याआधीही नाही. शेवटच्या बाकावर बसायच्या. कारण विचारलं तर म्हणायच्या, माझी सुली शेजारी येईल तेव्हा घेईन. दवाखान्यात त्यांनी मरणाऱ्याला लावतात ते पवित्र तेल लावलं, ख्रिस्तप्रसाद ओठांशी नेला, तिने तोंड मिटून घेतलं. ‘मन्ही सुली येऊ दे, मंग लिसु.’ ही तिची शपथ होती. तोंड न बघायची नव्हती. ती बारा वर्षं माझी वाट बघत होती आणि तू मला दारातून परत लावत होतीस.

मी फादरांना तुझ्याबद्दल एक शब्द बोलले नाही. ते तुला फार मानतात. त्यांना सांगायचं काम तुझं आहे.

इथल्या फादरांनी स्वतः जाऊन बिशपांची परवानगी आणली आणि परवा, बारा तारखेला, भुसावळला माझं लग्न सरळ झालं. आधी पापनिवेदन केलं, या वेळी क्षमा मिळाली. त्याच मिस्सेत ख्रिस्तप्रसाद घेता आला असता. घेतला नाही. मी ईस्टरला बोरपाड्यात येऊन घेणार आहे. तूही असशीलच. मिस्सेत फादर सगळ्यांच्या आधी तुला ख्रिस्तप्रसाद देतात आणि मग बायकांना वाटायला ख्रिस्तप्रसादाचा पेला तुझ्या हातात देतात, असं मला कळलं. वर्षातून एकदा पापनिवेदन आणि ईस्टरला ख्रिस्तप्रसाद, तुझ्याच पोरांचा धडा आहे. माझ्या डोळ्यांसमोर घेऊन दाखव.

सुलक्षणा


बोरपाडा
२३ एप्रिल २०२५

सुली,

तू पाहिलंसच. फादर माझ्याकडे वळले आणि मी मान हलवली. त्यांना वाटलं मला चक्कर येतेय. पेला त्यांच्याच हातात राहिला आणि मी पायऱ्या उतरून पार शेवटच्या बाकावर जाऊन बसले. माझी चाळीस पोरं मान वळवून बघत होती. तू रांगेत उभी राहिलीस, आमेन म्हणालीस, ते मागेपर्यंत ऐकू आलं. परत जाताना माझ्याजवळून गेलीस आणि थांबली नाहीस.

आता लपवायला काही उरलं नाही, म्हणून लिहिते.

राखेच्या बुधवारी मायने मला विचारलं होतं, ‘रत्ना, माले उपास करना पडस का वं? तू शे ना शिकाडनारी, तूच सांग.’ मी नाही म्हणायला हवं होतं. एका शब्दाचं काम होतं. मी म्हटलं, तुझ्या सुलीचं पाप मोठं आहे माय. ती बरं म्हणाली आणि भाकरीची टोपली सरकवली.

मला ती मरायला नको होती. हे तरी खरं मान. मला काय हवं होतं ते सांगते, हसू येईल तुला. बारा वर्षं तिचं आंघोळीचं पाणी मी तापवलं, तीन वर्षं सुई मी दिली, रात्री उठून पाणी मी पाजलं. आणि रविवारी वेदीपाशी मी पेला घेऊन उभी राहिले की ती शेवटच्या बाकावर, शेजारी तुझी जागा मोकळी ठेवून. अख्खं गाव बघायचं, धर्मशिक्षिकेची आई ईस्टरलाही उठत नाही. मला वाटलं, उपासाने थकेल, कंटाळेल, एक दिवस म्हणेल, जाऊ दे सुलीला, रत्ना, तूच दे मला. एकदा तरी माझ्या हातून घ्यावा. दाखला पाठवला असता तर तू आली असतीस आणि तिने तुझ्यासाठी घेतला असता. मग मी कोण होते? म्हणून कागद दाबला. म्हणून दवाखान्यातून तुला फोन केला नाही. शेवटचे सात तास तरी ती फक्त माझी असावी. त्यातही तिने तोंड मिटलं आणि तुझंच नाव घेतलं.

हे सगळं फादर झुलालांना पापनिवेदनात सांगायला गेले होते, ईस्टरच्या आदल्या दिवशी. गुडघे टेकले आणि तोंडच उघडेना. ते कुणाला सांगणार नाहीत, सांगू शकत नाहीत, मला माहीत आहे. तरी जमलं नाही. शिकवणं मी सोडलंय. तब्येतीचं कारण सांगितलं.

सुली, मी तुला कधी काही मागितलं नाही. आता मागते. तू एक रविवार इकडे ये. शेवटच्या बाकावर माझ्या शेजारी बस. काही बोलू नकोस. तू बसलीस की मला उठायचं बळ येईल, मी फादरांना सगळं सांगेन, आणि मग आपण दोघी मिळून जाऊ. तू येईपर्यंत मी ख्रिस्तप्रसाद घेणार नाही. मायसारखीच मीही शपथ घेतलीय.

तुझी अक्का


दीपनगर
४ मे २०२५

अक्का,

पत्र दोनदा वाचलं. मायने तुला विचारलं आणि तू काय उत्तर दिलंस, ते वाक्य दोनदाहून जास्त.

तू मायसारखी नाहीस. ती माझ्यासाठी बसली होती, तू माझ्यामुळे बसलीयस असं सगळ्यांना वाटावं म्हणून बसलीयस. आणि तिच्या वाट बघण्यात पाप नव्हतं. तुला पाहिजे तर आजही उठता येईल, फादर तिथे आहेत, कान देऊन बसले आहेत. त्यात माझी काही गरज नाही. तू बारा वर्षं मला दारातून परत लावलंस, आता तुला दारात मी हवी.

मी येणार नाही. या रविवारी नाही, पुढच्या नाही. बोरपाड्याला आले तर मायच्या मातीवर येईन आणि तुझ्या घरावरून जाईन.

क्षमा न करणं हे मोठं पाप आहे, मला माहीत आहे. मनात एवढं धरून ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही, म्हणून या रविवारी भुसावळला पुन्हा बसूनच राहिले. मला सवय आहे. तुला करून घ्यावी लागेल.

हे माझं पाप मी फादरांना सांगेन. पण कर्तव्य वर्षातून एकदाचं आहे आणि माझं मागचं पापनिवेदन बारा एप्रिलला झालं. अजून अकरा महिने आहेत.

सुलक्षणा